मणका ‘बसवून’ घ्यायचाय? आधी पोळ्या मोजा

पत्र : मॅडम, माझं वय ४७. नाशिकच्या इंदिरानगरला घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवते. अंबड एमआयडीसीत रोज चाळीस डबे जातात, म्हणजे पहाटे पाचपासून दीडशेच्या वर पोळ्या. तीन महिने झाले, कंबर धरते आणि डाव्या पायाला घोट्यापर्यंत मुंग्या येतात. साठ पोळ्या झाल्या की खाली बसावंच लागतं. एमआरआयमध्ये ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज’ आलंय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, गोळ्या आणि व्यायाम करा. भाच्यानं मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे हातानं झटका देऊन मणका ‘बसवण्याचे’ व्हिडिओ दाखवले, म्हणून एका ठिकाणी जाऊन आले. ते म्हणतात, मणका सरकलाय, चोवीस सिटिंग लागतील, ३०,००० रुपये, आठवड्याच्या आत भरले तर २४,०००. शुगरही उतरेल म्हणाले. सासूबाईंना (वय ७३, संधिवात) निम्म्या दरात करून देतील. मी २,००० टोकन देऊन आलेय. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा हाडवैद्याकडे जाऊ. या उपचारात नेमकं काय करतात, दुखतं का, किती दिवसांत फरक कळतो आणि पैसे भरू का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमच्याकडे आठवडाच आहे. चोवीस सिटिंगचे पैसे एकदम भरू नका. चार-सहा सिटिंग करून बघायला माझी ना नाही. सासूबाईंना मात्र त्या टेबलावर अजिबात झोपवू नका. आता एकेक करून सांगते.

एक गोष्ट आधीच कबूल करते. माझं आयुष्य फिजिओथेरपीत गेलं. कायरोप्रॅक्टिकबद्दल मला विचारणं म्हणजे भाजीवालीला शेजारच्या गाळ्यावरची मेथी कशी आहे ते विचारणं. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

‘मणका सरकलाय’ या शब्दाचं आधी बघू, कारण अर्धी भीती तिथेच आहे. आपल्याकडे ‘गादी सरकली’ म्हणतात आणि डोळ्यांपुढे येतो खाटेवरून घसरलेला तक्क्या. तसं काही होत नाही. दोन मणक्यांमधली चकती वरच्या-खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते. वयानं तिच्यातलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते, कडेनं फुगते. त्या फुगण्याला रिपोर्टात ‘बल्ज’ म्हणतात; एल-फोर एल-फाइव्ह म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका. २०१५ मध्ये ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन पाहिले होते. चाळिशीतल्या निम्म्या लोकांना बल्ज होता आणि पन्नाशीतल्या शंभरातल्या साठांना. तुमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायकांचा एमआरआय काढला तर निम्म्याजणींच्या रिपोर्टात तुमचंच वाक्य निघेल, आणि त्यातल्या कित्येकजणी दोन-दोन जिने चढून येतात. म्हणजे तुमचं दुखणं खोटं नाही. पायाला येणाऱ्या मुंग्या सांगतात की नस चिडलेली आहे. पण ‘सरकलेलं जागेवर बसवायचं’ असं कुठलंही काम तिथे बाकी नाही. एमआरआयमधला बल्ज बघून ‘बसवून देतो’ म्हणणारा माणूस एक तर तुम्हाला समजेल असं बोलतोय, नाही तर विकतोय.

मग तो कडाड आवाज कसला? तुमची आजी दृष्ट काढताना कानशिलाला हात लावून बोटं कडाकडा मोडायची ना? तोच. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला गेला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये एमआरआय यंत्रात बोट ओढून हे चित्रित केलं. म्हणूनच एकदा मोडलेलं बोट वीसेक मिनिटं पुन्हा मोडत नाही. आजीची बोटं वाजली म्हणून तिची हाडं जागेवर बसली असं आपण कधी म्हटलं नाही. कमरेच्या आवाजालाही तेवढंच महत्त्व द्या. आवाज झाला म्हणून उपचार लागू पडला असं नाही, आणि झाला नाही म्हणून फुकट गेला असंही नाही. भाच्याच्या मोबाइलवर आवाज मोठा ऐकू येतो कारण माइक तिथेच लावलेला असतो.

आता नेमकं काय करतात ते. पहिल्या भेटीला पाऊण तास तरी लागला पाहिजे, आणि त्यातला बराच वेळ बोलण्यात जायला हवा. कधीपासून दुखतं, रात्री झोपेतून जाग येते का, खोकताना पायात कळ जाते का, ताप, वजन उतरणं, पूर्वीचा कॅन्सर, पडझड, चालू गोळ्या. मग तपासणी. उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतील. तुमचा डावा पाय अमुक उंचीला गेला की कळ घोट्याकडे धावेल, ती उंची त्यांनी लिहून ठेवायला हवी. गुडघ्यावर आणि टाचेच्या मागे रबरी हातोडी मारतील. चवड्यांवर चालवतील, मग टाचांवर. पायाच्या अंगठ्याला दाब देऊन ‘वर उचला’ म्हणतील. एल-फोर एल-फाइव्हला जी नस बहुतेक वेळा दबते तिची ताकद त्या अंगठ्यात दिसते, म्हणून हे महत्त्वाचं. तुम्ही ज्या ठिकाणी जाऊन आलात तिथे यातलं काय काय झालं, आठवून बघा. पायातले बूट-चपला काढायला न लावताच ‘मणका सरकलाय’ कळलं असेल, तर ते कसं कळलं हे मलाही जाणून घ्यायला आवडेल.

(एक गंमत हमखास करतात. पालथं झोपवून दोन्ही टाचा जुळवतात आणि दाखवतात, बघा, एक पाय अर्धा इंच आखूड. मग झटका देतात, पुन्हा टाचा जुळवतात, पाय सारखे. कंबर जराशी तिरकी ठेवली की कुणाचाही पाय आखूड दिसतो. टाळ्या वाजवा आणि पुढे व्हा.)

प्रत्यक्ष झटका असा. तुम्हाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा पोटाकडे घेतात, खांदा मागे वळवतात. कंबर आता जाते तेवढी वळली असं वाटतं तिथे क्षणभर थांबून एक छोटा, वेगवान दाब देतात. सेकंदाचंही काम नाही. नीट केलं तर दुखत नाही, दचकायला होतं. काहीजण झटका न देता हलके हलके झोके देतात, काहीजणांकडे खटकन खाली बसणारा भाग असलेलं टेबल असतं, काहीजण पेनाएवढं ठोके देणारं यंत्र वापरतात. पायात मुंग्या असलेल्या तुमच्यासारख्या बाईला मी झटक्यापेक्षा झोक्यानं सुरुवात करायला सांगेन. तसं मागा. काय करणार आहोत हे आधी सांगणं आणि तुमचा होकार घेणं हे त्यांचं काम आहे. तुम्ही ‘थांबा’ म्हटलं की हात थांबले पाहिजेत.

नंतर एक-दोन दिवस अंग दुखतं, जड वाटतं, क्वचित डोकं दुखतं. दिवाळीचा फराळ केल्यावर खांदे भरतात तसं. गरम पाण्याची पिशवी ठेवा, घरात फिरत राहा. डबे असतात म्हणून पहिलं सिटिंग शक्यतो शनिवारी संध्याकाळी घ्या. पण कळ पायात आणखी खाली उतरली किंवा मुंग्यांच्या जागी बधिरपणा आला, तर पुढचं सिटिंग नको, आधी तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन.

फरक किती दिवसांत कळतो? ज्यांना गुण यायचा त्यांना साधारण पहिल्या चार-सहा सिटिंगमध्ये काहीतरी कळतं. आठवड्याला दोन धरली तर दोन-तीन आठवडे. चौथ्या आठवड्यालाही काही हललं नाही तर पंचविसाव्या सिटिंगला चमत्कार होत नाही. आणि गुण येतो म्हणजे किती येतो तेही ऐका. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत शेक, मालिश, व्यायाम यांच्यासोबत हे हातानं मणका हलवणंही घातलं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१६ मध्ये एक अट घातली : व्यायामाच्या जोडीनं असेल तरच, नुसतं नाही. जुन्या कंबरदुखीला त्याचा फायदा मध्यम आहे, साधारण चांगल्या व्यायामाइतकाच. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी फुकटात सांगितलेली गोष्ट आणि ही विकत घ्यायची गोष्ट शर्यतीत बरोबरीनं धावतात. पायात उतरणाऱ्या दुखण्यासाठी पुरावा त्याहूनही कमी आहे. तीन महिने झालेत, म्हणजे तुमचं दुखणं आपोआप जाईल अशा सुरुवातीच्या टप्प्यातून पुढे आलंय. त्यामुळे करून बघायला हरकत नाही म्हणते, पण मोजून.

मोजायचं कसं, तर पोळ्यांनी. दुखणं दहापैकी किती, असं विचारलं की बायका नवऱ्याकडे बघून आकडा सांगतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. तुम्ही मला न विचारता फार सुंदर माप दिलंय : साठ पोळ्या. ओट्याशेजारी कॅलेंडर असेलच. रोज त्या चौकोनात लिहायचं, कितव्या पोळीला कमरेवर हात गेला. सहा सिटिंगनंतर साठाचे नव्वद झाले तर पुढची चार घ्या. साठाचे पासष्ट झाले तर तो आठवड्याचा चढउतार समजा आणि थांबा. सिटिंग करणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी हा आकडा सांगा. ज्याला काम येतं तो हा आकडा ऐकून खूश होतो.

त्याला काम येतं की नाही, हा मात्र आपल्याकडे घोळ आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत कायरोप्रॅक्टरला नोंदणी लागते, अमेरिकेत त्यासाठी किमान ४,२०० तासांचं शिक्षण ठरवलेलं आहे. आपल्याकडे या पद्धतीसाठी कायद्यानं नेमलेली स्वतंत्र परिषद नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे, म्हसरूळला. त्याच्याकडून एमबीबीएस होता येतं, बीएएमएस, बीएचएमएस होता येतं, फिजिओथेरपीची पदवी घेता येते. कायरोप्रॅक्टिकची नाही. त्यामुळे पाटीवर ‘कायरोप्रॅक्टर’ लिहिणारा परदेशात चार-पाच वर्षं शिकून आलेला असू शकतो, फिजिओथेरपिस्ट होऊन वर हे हात शिकलेला असू शकतो, किंवा दोन शनिवार-रविवारच्या वर्गाचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेला असू शकतो. तिघांच्या नावापुढे ‘डॉ.’ असतं. सरळ विचारा : मूळ पदवी कुठली, कुठून, नोंदणी क्रमांक काय? फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या परिषदेचा क्रमांक असतो. विचारल्यावर राग आला तर तेही उत्तरच आहे.

शुगरचं विसरा. या पद्धतीचा उगमच अशा एका दाव्यात आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या, हातांतल्या ‘चुंबकशक्ती’नं उपचार करतो म्हणणाऱ्या माणसानं एका कमी ऐकू येणाऱ्या कामगाराच्या पाठीत दाब दिला, आणि त्याला ऐकू यायला लागलं असं जाहीर केलं. त्यावरून त्यानं ठरवलं की जवळजवळ सगळे रोग मणके सरकल्यानं होतात. ऐकण्याची नस पाठीतून जातच नाही. आजचे शहाणे कायरोप्रॅक्टर कंबर, मान आणि काही डोकेदुखी एवढ्यावरच थांबतात. पाठीत दाब देऊन शुगर, थायरॉइड, पाळी सुधारतो म्हणणाऱ्याच्या हाती कंबर देतानाही मी दोनदा विचार करेन. आणि शुगरच्या गोळ्या तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून बंद तर केल्या नाहीत ना? केल्या असतील तर आज रात्रीपासून सुरू.

आता सासूबाई. निम्म्या दरात काय, वर पैसे देऊन बोलावलं तरी नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी हाडं ठिसूळ झालेली असतात, साध्या शिंकेनं मणका दबलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यात तुम्ही ‘संधिवात’ लिहिलंय. तो बोटांचे सांधे सुजवणारा, सकाळी मूठ न वळू देणारा संधिवात असेल, तर तो मानेच्या वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंधही सैल करतो. तिथे झटका म्हणजे मज्जारज्जूशी खेळ. त्यांना स्टेरॉइडच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच नको. कॅल्शियमचं, हाडांच्या घनतेच्या तपासणीचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा, दोन हजारांचा खरा उपयोग तिथे होईल.

तुमच्याही मानेला हात लावू देऊ नका. दुखते कंबर, पण पॅकेजमध्ये ‘फुल स्पाइन’ असतं, आणि व्हिडिओत सगळ्यात जास्त टाळ्या मानेच्या झटक्यालाच असतात. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होण्याचे प्रकार नोंदवले गेलेत. क्वचित घडतात, आणि त्यातल्या किती जणांची रक्तवाहिनी आधीच फाटायला लागली होती यावर वाद आहे. पण कंबर दुखत असताना मान पणाला का लावायची?

आणि हे मात्र ओट्यावर चिकटवून ठेवा. बसण्याच्या जागेला, जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, पाऊल उचलत नाही म्हणून चप्पल घासली जाऊ लागली, तर कुठलंही सिटिंग नाही, सकाळची वाट बघणं नाही. सरळ सिव्हिल किंवा जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिथल्या इमर्जन्सीत. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, घाम आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी बघावा लागतो, आपल्याकडे तो अजून दिसतो.

मिस्टरांच्या हाडवैद्याचं काय? माझं माहेर निफाडकडचं. माझी आत्या पायाळू होती. कुणाला उसण भरली की सकाळी सकाळी ओसरीवर पालथं पडायचं आणि आत्या अंगठ्यानं कमरेला तीनदा पाय लावायची. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत तर रांग लागायची. तिचा गुण यायचाच, कारण ताजी उसण चार-आठ दिवसांत तशीही उतरते. आत्या पैसे घेत नव्हती, पॅकेज देत नव्हती, आणि जोरही लावत नव्हती, म्हणून तिच्या हातून वाईट काही झालं नाही. हाडवैद्य जोर लावतो. एमआरआयचा कागद वाचता न येणाऱ्यानं तुमची चिडलेली नस तुडवावी असं मला वाटत नाही.

आता ओट्याकडे या, कारण खरा रोग मला तिथे दिसतो. पहाटे पाच ते दहा एका जागी उभं राहून जराशी वाकलेली कंबर, हे कुणीही कितीही वेळा मोडलं तरी दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा तसंच. जेवणाला बसायचा लाकडी पाट काढा. ओट्याखाली ठेवा आणि लाटताना एक पाय त्यावर. दहा पोळ्यांनी पाय बदला. कमरेचा बाक लगेच हलका होतो, करून बघा. पोळपाट फार खाली येत असेल तर त्याखाली जाड लाकडी फळी घालून कोपराच्या जरा खालपर्यंत आणा. कणकेची परात जमिनीवर घेऊन वाकून मळत असाल तर ते आधी बंद, परात ओट्यावर किंवा मुलाला मळू दे. दर चाळीस पोळ्यांनी, म्हणजे साठ व्हायच्या आत, दोन मिनिटं गच्चीपर्यंत जाऊन या. दुखल्यावर बसायचं नाही, दुखायच्या आधी हलायचं. दुपारी डबे गेले की जॉगिंग ट्रॅकवर वीस मिनिटं चाला, नंतर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम. ते व्यायाम तुम्ही पत्रात एका शब्दात उरकलेत, त्यावरून किती केलेत ते कळलं मला.

राहता राहिलं टोकन. तिथे फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, म्हणजे लेखी राहील : ‘पॅकेज घेत नाही. दिलेल्या २,००० मध्ये एकेक सिटिंग धरा. कंबरेचंच करायचं, मानेचं नाही. सहा सिटिंगनंतर पुन्हा तपासणी.’ बहुतेक जण मान्य करतात, गिऱ्हाईक कुणाला नको असतं. नाही म्हणाले तर दोन हजार गेले असं समजा आणि पाट काढा.